तालुक्याच्या ठिकाणची महाविद्यालयीन संकेतस्थळे आणि त्यांची सुरक्षितता : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इंटरनेटच्या शोधयंत्रावर 'वाशी' हा शब्द टाकला असता बहुधा नवी मुंबईतील वाशी प्रथम पुढे येते. बालाघाटाच्या परिसरातील, धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असलेली वाशी शोधावयाची तर जिल्ह्याचे नाव जोडावे लागते. जे गाव माणसालाच सहजासहजी सापडत नाही, तेथील एखाद्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ दूरदेशीच्या घुसखोराला कशाला सापडेल, आणि सापडले तरी त्यात त्याच्या उपयोगाचे काय असणार, हा समज अशा गावांतील संस्थांच्या बाबतीत स्वाभाविक म्हणावा लागेल. कळंब, भूम, परंडा, लोहारा, उमरगा असे कोणतेही तालुक्याचे ठिकाण घेतले तरी या समजात फरक पडत नाही.

प्रस्तुत लेखात या समजाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. संकेतस्थळांवरील घुसखोरीचा भारतातील ज्ञात इतिहास सुमारे पाव शतकाचा आहे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात, तुर्भे येथे झालेल्या एका गाजलेल्या घटनेपासून करता येते. त्या घटनेपासून आजपर्यंतचा क्रम पाहिला असता दोन गोष्टी लक्षात येतात. लहान असणे हे संकेतस्थळाचे संरक्षण कधीच नव्हते, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. बहुतेक मोठ्या प्रसंगी दोषावरील उपाय आधीच प्रसिद्ध झालेला होता. तो लावण्याचे काम नेमके कोणाचे, हे मात्र ठरलेले नव्हते.

तुर्भे, १९९८ :

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तत्पूर्वी अर्नेट आणि निकनेट ही जाळी शिक्षणसंस्था व शासन यांच्यापुरती मर्यादित होती. पुढे तीन वर्षांच्या आतच, ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि जून महिन्यात 'मिलवर्म' या नावाने वावरणाऱ्या एका गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणक जाळ्यात प्रवेश मिळविला. या गटातील मुले अमेरिका, इंग्लंड, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा वेगवेगळ्या देशांतील होती व त्यांतील बहुतेक किशोरवयीन होती. त्यांनी केंद्रातील ई-पत्रव्यवहाराच्या प्रती मिळविल्या आणि संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र व निषेधाचा मजकूर झळकविला. कोणतीही गोपनीय माहिती बाहेर गेली नाही, असे केंद्राच्या वतीने सांगण्यात आले.

भारतीय सायबर सुरक्षेच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख वारंवार येतो, कारण संस्था मोठी आहे. लहान संकेतस्थळांच्या दृष्टीने मात्र त्याच गटाने पुढच्याच महिन्यात केलेले कृत्य अधिक अभ्यसनीय आहे. जुलै १९९८ मध्ये या मुलांनी दुसऱ्या एका गटाच्या साहाय्याने इंग्लंडमधील एका होस्टिंग कंपनीचा सर्व्हर ताब्यात घेतला आणि तेथे जागा घेतलेल्या तीनशेहून अधिक संकेतस्थळांवर एकाच वेळी अण्वस्त्रविरोधी मजकूर लावला. त्यांत खेळांची स्थळे होती, चित्रपट कलावंतांची होती, किरकोळ व्यापाऱ्यांचीही होती. अणुबाँबशी यांपैकी कोणाचा संबंध नव्हता. ती सर्व एकाच यंत्रावर भाडेकरू होती, एवढाच त्यांचा अपराध. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे अनेक आणि दिंडी दरवाजा एकच असे. तो उघडा राहिला की चोराला कोणत्याही खोलीशी जाता येई. आज महाविद्यालयांना वर्षाकाठी अल्प भाड्यात मिळणारी सामायिक होस्टिंगची जागा याच स्वरूपाची आहे. शेजारचे बिऱ्हाड कोणाचे, हे तेथे विचारण्याची सोयही नसते.

सुरक्षिततेची चर्चा करताना किल्ल्याची उपमा देण्याची प्रथा आहे. धाराशिव जिल्ह्यात ती सुचणे साहजिकही आहे, कारण नळदुर्ग आणि परंडा येथील भुईकोट किल्ले जिल्ह्यातच आहेत. तथापि ही उपमा दिशाभूल करणारी आहे. परंड्याच्या खंदकापाशी येणाऱ्या फौजेला आपण कोणता किल्ला घ्यावयास आलो आहोत हे ठाऊक असे. वेढ्याला खर्च असे, म्हणून किल्ल्याचे महत्त्व पाहूनच वेढा पडत असे. संकेतस्थळावर येणाऱ्या घुसखोराला बहुधा त्या स्थळाचे नावही ठाऊक नसते. वेढ्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला की महत्त्व पाहण्याचे कारणच उरत नाही. हा बदल १९९८ नंतरच्या सहा वर्षांत पूर्ण झाला.

एक महिना, सात तास :

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'फ्रॅक' या घुसखोरांच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. पुढे 'एसक्यूएल इंजेक्शन' या नावाने ओळखल्या गेलेल्या युक्तीचे पहिले जाहीर विवेचन त्यात आढळते. युक्ती साधी आहे. विद्यार्थी निकाल पाहण्यासाठी आसनक्रमांक टाकतो आणि तो क्रमांक माहितीसाठ्याला विचारावयाच्या प्रश्नात जसाच्या तसा जोडला जातो. क्रमांकाच्या जागी कोणी आज्ञाच लिहिली तर माहितीसाठा तिचेही पालन करतो आणि सर्व विद्यार्थ्यांची माहिती बाहेर देतो. वापरणाऱ्याने दिलेला मजकूर आणि यंत्राला दिलेली आज्ञा या दोहोंना प्रथमपासून वेगळे ठेवणे, हा त्यावरील उपाय. तो माहीत होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही स्थानिक पातळीवर तयार करून घेतलेल्या प्रवेशअर्जांत व निकालपृष्ठांत हा दोष अजून संभवतो, कारण जुनी आज्ञावली एका संस्थेकडून दुसरीकडे जशीच्या तशी नकलली जाते.

त्यानंतर आलेल्या दोन 'वर्म' आज्ञावल्यांनी माणसाची गरजच संपविली. 'कोड रेड' या नावाच्या आज्ञावलीने १९ जुलै २००१ रोजी चौदा तासांच्या आत सुमारे ३ लाख ५९ हजार संगणक बाधित केले. तिने ज्या दोषाचा लाभ घेतला त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १८ जून रोजीच, म्हणजे महिनाभर आधी प्रसिद्ध केली होती. डिसेंबर २००४ मधील 'सॅन्टी' हे दुसरे उदाहरण. ही आज्ञावली गूगल या शोधयंत्रालाच प्रश्न विचारून विशिष्ट चर्चापीठ-आज्ञावली वापरणारी स्थळे शोधी आणि तेथील पाने पुसून टाकी. हजारो स्थळे अशा रीतीने नष्ट झाली व अखेर गूगलने तिचे प्रश्न स्वीकारणे बंद केले. येथेही दुरुस्ती नोव्हेंबरमध्येच उपलब्ध झाली होती.

'सॅन्टी'नंतर वाशीचे उदाहरण वेगळ्या रीतीने पाहावे लागते. माणूस गावाच्या नावाने शोधतो, म्हणून त्याला नवी मुंबई सापडते. घुसखोर आज्ञावली गावाचे नाव विचारीतच नाही. अमुक आज्ञावलीची अमुक जुनी आवृत्ती कोठे चालू आहे, एवढेच ती विचारते. त्या यादीत दोन्ही वाशी एकाच ओळीत येतात.

याच काळातील महाराष्ट्र शासनाचा प्रसंगही नोंदविला पाहिजे. सप्टेंबर २००७ मध्ये राज्य शासनाच्या अधिकृत संकेतस्थळात घुसखोरी झाली. तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी तिला दुजोरा दिला, मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार नोंदविली गेली आणि स्थळ काही काळ बंद ठेवावे लागले. या स्थळाला फायरवॉलचे संरक्षण नव्हते, असे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले होते. मुंबई पोलिसांचा सायबर गुन्हे अन्वेषण कक्ष डिसेंबर २००० पासून कार्यरत होता. म्हणजे गुन्ह्याचा तपास करणारी यंत्रणा सात वर्षे आधी अस्तित्वात आली होती, परंतु गुन्हा टाळण्याची व्यवस्था खुद्द राज्याच्या संकेतस्थळावर नव्हती.

दरम्यान संकेतस्थळ तयार करण्याची रीत बदलली. मे २००३ मध्ये 'वर्डप्रेस' आणि २००५ मध्ये 'जूमला' या मोफत आज्ञावल्या आल्या. 'ड्रुपल' ही त्यांच्याआधीपासून होती. संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही त्यांच्या आधारे संकेतस्थळ उभारता येऊ लागले. महाराष्ट्रात एम.के.सी.एल.ची स्थापना २००१ मध्ये होऊन एम.एस.-सी.आय.टी.च्या केंद्रांमधून तालुक्यातालुक्यांत संगणक जाणणारी पिढी तयार होत होती; तिच्या हाती ही साधने आयतीच पडली. लाभ मोठा होता. पण लाखो स्थळे एकाच आज्ञावलीवर उभी असल्याने तिच्यात सापडलेला एक दोष लाखो दारांची एकच किल्ली ठरू लागला.

या टप्प्यात दुरुस्ती आणि हल्ला यांमधील अवधी विलक्षण आक्रसला. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलने एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. दोन आठवड्यांनंतर त्याच चमूला जाहीर करावे लागले की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांनी आपल्या स्थळात घुसखोरी झालीच आहे असे धरून चालावे. फेब्रुवारी २०१७ मध्ये वर्डप्रेसच्या एका दोषाचा तपशील जाहीर होताच थोड्या दिवसांत पंधरा लाखांहून अधिक पाने विद्रूप झाली. त्याची दुरुस्ती २६ जानेवारीस दिली गेली होती आणि तपशील मुद्दाम आठवडाभर रोखून ठेवला होता. ऑक्टोबर २०१३ पासून वर्डप्रेसमध्ये अशा दुरुस्त्या आपोआप लागण्याची सोय होती. ज्यांनी ती बंद केली नव्हती ती स्थळे वाचली. ही सोय बंद का केली जाते, याचे उत्तर तांत्रिक कमी आणि व्यावहारिक अधिक आहे. नव्या आवृत्तीत जुनी सजावट मोडते, ती नीट करण्यासाठी संकेतस्थळ करून देणारा पुन्हा पैसे मागतो, म्हणून 'चालले आहे ते चालू द्यावे' असे ठरते.

२००१ मध्ये एक महिना होता, २०१४ मध्ये सात तास उरले. महाविद्यालयात साधी खरेदी करावयाची तर तीन दरपत्रके मागविणे, खरेदी समितीची बैठक आणि प्राचार्यांची मान्यता यांत यापेक्षा कितीतरी अधिक काळ जातो. पद्धत चुकीची आहे असे नाही. ती खुर्च्या आणि प्रयोगसाहित्यासाठी घडलेली आहे.

दिसणारी आणि न दिसणारी घुसखोरी :

भाभा केंद्रावरील घुसखोरांना आपले कृत्य जगाला दाखवावयाचे होते. ती परंपरा संपलेली नाही. जून २०२२ मध्ये ठाणे पोलिसांचे संकेतस्थळ विद्रूप करण्यात आले आणि त्याच सुमारास मलेशियातील एका गटाने भारतातील सत्तरच्या आसपास स्थळांना लक्ष्य केल्याचे वृत्त आले. त्यांत शिक्षणसंस्थाही होत्या. असा प्रकार क्लेशदायक खरा, पण तो निदान लगेच लक्षात येतो.

महाविद्यालयांना अधिक धोका न दिसणाऱ्या प्रकाराचा आहे. शोधयंत्रे 'एसी डॉट इन' अशा शैक्षणिक नावांच्या स्थळांना विश्वासार्ह मानतात. ही नावे अर्नेट इंडियामार्फत केवळ शैक्षणिक संस्थांनाच मिळत असल्याने त्या विश्वासाला बाजारात किंमत आहे. घुसखोर मुखपृष्ठाला हात लावीत नाही. आतल्या एखाद्या विस्मृत पुस्तिकेत तो सट्ट्याच्या किंवा औषधविक्रीच्या जाहिरातींची शेकडो पाने ठेवतो आणि ती फक्त शोधयंत्राला अथवा शोधयंत्रावरून येणाऱ्याला दिसतील अशी व्यवस्था करतो. प्राचार्यांनी थेट पत्ता टाकून स्थळ उघडले तर ध्वजवंदनाची छायाचित्रे जागच्या जागी असतात. २०२४ मध्ये देशातील अनेक राज्यांच्या शासकीय स्थळांवरील दुवे सट्ट्याच्या स्थळांकडे वळत असल्याचे उघडकीस आले, ते याच स्वरूपाचे होते. पाहणी करावयाची असेल तर शोधयंत्रातच महाविद्यालयाच्या पत्त्यापुरता शोध घेऊन आपल्या नावावर कोणती पाने नोंदली गेली आहेत ते वाचावे. महिन्यातून दहा मिनिटांचे हे काम आहे.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज आढळतो. २०१६ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट'मुळे त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मोफत मिळू लागले आणि जुलै २०१८ पासून गूगलच्या क्रोमने प्रमाणपत्र नसलेल्या स्थळांवर 'सुरक्षित नाही' असा शेरा दाखविण्यास आरंभ केला. माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. घरात आधीच शिरलेल्या चोराबद्दल ते काहीही सांगत नाही.

कायद्याची चौकट :

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला व घुसखोरी हा गुन्हा ठरला. जानेवारी २००४ मध्ये सर्ट-इन ही राष्ट्रीय यंत्रणा कार्यरत झाली. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, तिला वैधानिक स्थान मिळाले. त्याच दुरुस्तीने माहिती सांभाळण्यात हलगर्जीपणा करणाऱ्या निगमित संस्थेवर भरपाईचे दायित्व टाकले. परंतु व्याख्या व्यापारी किंवा व्यावसायिक कार्य करणाऱ्या संस्थांची असल्याने विश्वस्त संस्थेने चालविलेले महाविद्यालय तीत बसते काय, हा वादाचा मुद्दा राहिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अशी पळवाट नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य दायित्वांसाठी अठरा महिन्यांचा अवधी दिला आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपणे बंधनकारक केले. सामायिक होस्टिंगमध्ये एवढ्या जुन्या नोंदी ठेवल्या जातात काय, हे करार करतानाच विचारावे लागते.

महाविद्यालयाचे दप्तर :

नॅकच्या जुलै २०१७ पासूनच्या सुधारित पद्धतीत स्वयं-अध्ययन अहवाल ऑनलाइन सादर होऊ लागला आणि पुराव्याची कागदपत्रे संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवून त्यांचे दुवे देणे आवश्यक झाले. त्या वर्षापूर्वी महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही माहितीपत्रिका होती. त्यानंतर ते दप्तर झाले. समित्यांची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांच्या याद्या, वार्षिक गुणवत्ता अहवाल सर्व तेथेच. घाईत चढविलेल्या याद्यांमध्ये विद्यार्थ्यांचे प्रवर्ग, भ्रमणध्वनी क्रमांक, क्वचित बँक खात्यांचे क्रमांकही राहून जाण्याचा संभव असतो, आणि ते मिळविण्यासाठी कोणालाही घुसखोरी करावी लागत नाही. शिष्यवृत्तीधारक मुलाच्या वडिलांना 'शिष्यवृत्ती मंजूर झाली' असा खोटा दूरध्वनी करणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

हे दप्तर सांभाळतो कोण? महाविद्यालयात प्रत्येक टेबलखुर्चीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असते. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर व कोणत्या ई-पत्त्यावर नोंदले आहे, त्याची मुदत कधी संपते, होस्टिंगचा करार कोणाशी आहे, व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द किती जणांकडे आहे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी त्या रजिस्टरमध्ये रकाना नाही. घड्याळी तासिका तत्त्वावरील एखादा तरुण शिक्षक हौसेने हे काम सांभाळतो आणि पुढच्या वर्षी त्याची नेमणूक होत नाही. विभागप्रमुख निवृत्त होताना कपाटाच्या किल्ल्यांची कार्यभार यादी होते, संकेतस्थळाच्या किल्लीची होत नाही. मुदत उलटून गेलेले नाव दुसऱ्या कोणी विकत घेतले तर महाविद्यालयाच्या जुन्या पत्त्यावर तो हवे ते दाखवू शकतो. येथे तर घुसखोरीचा गुन्हाही घडत नाही.

शासनाने आपल्यापुरता या प्रश्नाचा वेगळा मार्ग काढला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'एस-थ्री-वॉस' ही सामायिक व्यवस्था उभी केली आणि जिल्हा संकेतस्थळे तिच्यावर नेली. मजकूर जिल्ह्याने द्यावयाचा, आज्ञावलीची निगा व दुरुस्त्या केंद्राने पाहावयाच्या, अशी ही वाटणी आहे. अनुदानित महाविद्यालयांसाठी विद्यापीठ पातळीवर अशी व्यवस्था करणे अवघड नाही. ज्या विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत, त्याने प्रत्येकाला स्वतंत्रपणे व्यावसायिक शोधावयास लावणे हे अपव्ययाचे आहे आणि धोक्याचेही. अशी व्यवस्था होईपर्यंत मात्र काम महाविद्यालयालाच करावे लागेल, आणि त्यातील बहुतांश गोष्टींना पैसा लागत नाही : स्वयंचलित दुरुस्त्या चालू ठेवणे, न वापरलेली उपांगे व जुन्या चाचणी-प्रती काढून टाकणे, फुकट मिळालेली चोरीची सजावट न वापरणे, व्यवस्थापकाच्या खात्याला भ्रमणध्वनीवरील दुसरी खूण जोडणे, नाव संस्थेच्या ई-पत्त्यावर नोंदविणे. चोरीच्या सजावटीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. तिच्यात मागचे दार बहुधा आधीच बसविलेले असते.

राहिला प्रश्न प्रतीचा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू व मोडीतील महसुली दप्तरे, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे बासनांतून बाहेर निघाली. कागद पिवळा पडला होता, काही ठिकाणी कसर लागली होती, पण तो वाचता आला. २०१७ नंतरच्या महाविद्यालयीन नोंदींपैकी कित्येकांची अशी कागदी प्रत निघालेलीच नाही. इंटरनेट आर्काइव्हसारखी संस्था संकेतस्थळांच्या प्रती जपते. पण ती केव्हा कोणते पान घेईल याचा नेम नसतो आणि तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आतल्या पीडीएफपर्यंत ती पोचेलच असे नाही. होस्टिंगवाल्याकडील बॅकअप त्याच खात्यात असेल तर घुसखोर मूळ आणि प्रत दोन्ही पुसू शकतो. म्हणून महिन्याच्या अखेरीस संपूर्ण स्थळाची एक प्रत बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून, ती संगणकापासून अलग करून, तारखेची चिठ्ठी लावून ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवणे, आणि सहामाहीस एकदा ती खरोखर उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहणे, हे काम ग्रंथपालांच्या कार्यसूचीत लेखी नोंदवावे लागेल. त्या हार्ड डिस्कची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होतेच.